थकलेल्या श्वासाला आधार

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त लहरीपुरा येथे भरलेल्या सभेत दिलेले भाषण)





सुवर्णमहोत्सवासारख्या आनंदाच्या प्रसंगी एका आजारावर बोलावे, हे काही जणांना विचित्र वाटेल. चालकांनी आम्हांला विषय निवडण्याची मोकळीक दिली होती, आणि शिक्षकाने शिक्षणावर बोलावे अशीच बहुतेकांची अपेक्षा असणार. परंतु शिक्षणावर बोलणारे पुष्कळ आहेत. शिवाय शिष्यवृत्त्या, वह्यापुस्तके, विधवांना साहाय्य, आजाऱ्याला औषधपाणी ही कामे आपला ट्रस्ट करीतच आला आहे. जी गरज रस्त्यावर दिसत नाही, जी रात्री घराच्या बंद दाराआड जागत बसते, अशा एका गरजेकडे आज आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. सिस्टिक फायब्रोसिस नावाच्या आजारात दमलेल्या माणसाला नळी न घालता, केवळ तोंडानाकावर मुखवटा बसवून श्वास घेण्यास साहाय्य कसे करता येते, हा आमचा विषय आहे. आम्ही डॉक्टर नाही; विज्ञान शिकविणारे शिक्षक आहोत. तेव्हा उपचार कोणता करावा हे डॉक्टरांनी सांगावे. तो उपचार म्हणजे काय, हे समजावून देणे एवढेच काम आम्ही पत्करले आहे.

प्रथम श्वासाचा साधा हिशेब पाहू. निरोगी प्रौढ माणूस विश्रांतीत मिनिटाला 12 ते 20 श्वास घेतो. मिनिटाला 15 धरले तर दिवसाचे 21,600 होतात. आपल्या देशातील जुन्या योगग्रंथांतही हाच आकडा आढळतो. इतके श्वास आपण घेतो आणि त्यातल्या एकाचीही आठवण ठेवीत नाही. ज्याला मिनिटाला 30 श्वास घ्यावे लागतात त्याचा हिशेब 43,200 वर जातो, आणि त्यातला प्रत्येक श्वास त्याला ओढून घ्यावा लागतो. असा माणूस बसल्या जागी पावागड चढत असतो. त्याला पायथा नाही, माथा नाही, आणि वाटेत टेकायला जागा नाही.

सिस्टिक फायब्रोसिस या नावाला मराठीत रूढ झालेला शब्द नाही, म्हणून आम्ही तेच नाव वापरतो. 1938 साली न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन केले. आपल्या शरीरातील पेशींच्या भिंतीत मिठाचा एक घटक, क्लोराइड, आतबाहेर जाण्यासाठी एक दार असते. ते दार बनविण्याचा हुकूम ज्या जनुकात असतो ते जनुक 1989 साली सातव्या गुणसूत्रावर सापडले. जनुकात बिघाड असला की दार बनत नाही, किंवा बनले तरी नीट उघडत नाही. आता, पाणी मिठाच्या मागे जाते हे आपल्या घरातील प्रत्येक बाईला ठाऊक आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावले की तासाभरात पाणी सुटते. मीठ अडले की पाणीही अडते. मग फुफ्फुसातील कफ आणि स्वादुपिंडातील पाचक रस पातळ राहण्याऐवजी डिंकासारखे चिकट होतात. ईदच्या आदल्या रात्री लहरीपुरा दरवाजातून मांडवीकडे निघालेल्या माणसाची जी गत होते, तीच गत अशा फुफ्फुसात शिरणाऱ्या हवेची होते. वाट आहे, पण पुढे सरकता येत नाही. कोंडलेल्या जागी जंतू घर करतात, सूज येते, आणि वर्षानुवर्षांच्या सुजेने श्वासाच्या बारीक नळ्या कायमच्या खराब होतात.

हा गोऱ्या लोकांचा आजार आहे, आपल्याकडे तो नाही, अशी समजूत पुष्कळ काळ होती. 1968 साली भारतातील रुग्णांवरचे लेख आपल्याच देशातील बालवैद्यकाच्या नियतकालिकांत छापून आले. पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. एस. के. काब्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांवर दीर्घकाळ काम केले, आणि निदानासाठी घाम गोळा करण्याचे उपकरण देशातच तयार करून त्याची माहिती 2002 साली प्रसिद्ध केली. परदेशी स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या कुटुंबांवरून जे अंदाज बांधले गेले, त्यांनुसार 10,000 ते 40,000 जन्मांमागे एक मूल या आजाराचे असावे. आकडा लहान वाटतो. परंतु आपल्या देशात वर्षाला दोन कोटींहून अधिक मुले जन्माला येतात, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचा अर्थ कळतो. यातील कित्येक मुलांना क्षय, दमा किंवा कुपोषण समजून वर्षानुवर्षे औषधे दिली जातात.

हे मूल ओळखावे कसे? त्याचा खोकला बारमाही असतो. ते दोन मुलांइतके खाते, तरी अंगी लागत नाही, कारण पाचक रस आतड्यात पोहोचत नाहीत. शौच तेलकट आणि अतिशय दुर्गंधी होते. बोटांची टोके फुगीर होतात. आणि त्याच्या कपाळाचा मुका घेतला तर तो खारट लागतो. ही शेवटची खूण युरोपातील जुन्या आयाबायांनाही माहीत होती. तिचे शास्त्रीय मर्म मात्र उन्हाळ्याने उघड केले. 1948 साली न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हा अंगातील पाणी आटून रुग्णालयात आलेल्या मुलांत या आजाराची मुले नजरेत भरण्याइतकी होती. त्यावरून डॉ. पॉल दि सांताग्नेसे यांनी 1953 साली दाखवून दिले की या मुलांच्या घामातून मीठ फार जाते. 1959 साली गिब्सन आणि कुक या दोघांनी घामाची बिनधोक चाचणी बसविली. तीच आजही चालते. कातडीला सुई टोचावी लागत नाही. घामात लिटरमागे 60 मिलिमोल किंवा अधिक क्लोराइड निघाले तर हा आजार असल्याचे मानतात. वडोदऱ्याच्या मे महिन्यात 42 अंशांच्या उन्हात अशा मुलाला पाणी आणि मीठ वेळेवर मिळाले नाही, तर ते चक्कर येऊन पडू शकते. आजाऱ्याला रोजा माफ आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. उन्हाळ्यातल्या रमजानमध्ये अशा मुलाच्या हौसेला आवर घालणे हे वडीलमाणसांचे काम आहे.

आता मुख्य विषयाकडे वळू. वय वाढते तसे फुफ्फुस खराब होत जाते आणि श्वासाचे काम वाढते. ते काम करणारे स्नायू, म्हणजे छातीच्या तळाचा पडदा आणि बरगड्यांमधले स्नायू, अखेर थकतात. थकलेला माणूस उथळ श्वास घेतो. उथळ श्वासाने दोन गोष्टी बिघडतात. प्राणवायू पुरेसा आत जात नाही, हे सर्वांना समजते. दुसरी गोष्ट लोकांच्या ध्यानी येत नाही. शरीरात तयार होणारा कर्बवायू पुरेसा बाहेर पडत नाही. तो रक्तात साठतो, आणि सकाळी उठल्याबरोबर डोके दुखणे, दिवसा गुंगी येणे, चिडचिड होणे, अभ्यासात लक्ष न लागणे अशी लक्षणे दिसू लागतात. हा बिघाड आधी रात्री सुरू होतो. जागेपणी माणूस मानेचे आणि खांद्याचे स्नायू वापरून कसेबसे निभावून नेतो. गाढ झोपेत, विशेषतः स्वप्ने पडतात त्या झोपेत, हे मदतनीस स्नायू सैल पडतात आणि सारा भार एकट्या पडद्यावर येतो.

अशा वेळी घरचे लोक ऑक्सिजनचे नळकांडे आणतात. ऑक्सिजनची गरज असते, यात शंका नाही. परंतु ऑक्सिजनने प्राणवायू वाढतो, स्नायूंचे काम हलके होत नाही आणि साठलेला कर्बवायू बाहेर पडत नाही. काही रुग्णांत तर नुसत्या ऑक्सिजनने तो आणखी वाढतो. म्हणून ऑक्सिजन किती द्यावा हे डॉक्टरांनीच ठरवावे लागते. थकलेल्या हमालाला नुसते सरबत पाजून भागत नाही, कोणीतरी ओझ्याला हात लावावा लागतो. मुखवट्याचे यंत्र हा तो हात आहे.

माणसाच्या श्वासाला यंत्राने हात लावण्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. 1928 साली अमेरिकेत बोस्टन येथे ड्रिंकर आणि शॉ यांच्या लोखंडी फुफ्फुसाचा पहिल्यांदा उपयोग झाला. रुग्णाला मानेपर्यंत लोखंडी पिंपात निजवून पिंपातील हवा ओढून घेत, म्हणजे छाती आपोआप फुगे. पोलिओच्या हजारो रुग्णांना त्या पिंपाने जगविले. 1952 साली कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली आणि पिंपे अपुरी पडली. तेव्हा डॉ. ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेत छेद घेऊन नळी बसविण्याचा आणि रबरी पिशवी दाबून हवा आत ढकलण्याचा मार्ग काढला. वैद्यकाचे शेकडो विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबीत बसले. आजच्या अतिदक्षता विभागाची मुळे त्या साथीत आहेत. परंतु नळी म्हटली की बोलणे बंद, गिळणे बंद, खोकणे बंद; आणि सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णाला तर खोकून कफ काढता आलाच पाहिजे. नळीवाचून हवा कशी ढकलावी, हा प्रश्न उरला. 1981 साली ऑस्ट्रेलियात सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी झोपेत घसा मिटून श्वास अडणाऱ्या पाच रुग्णांना नाकावरच्या मुखवट्यातून दाबाची हवा दिली, आणि ती रात्रभर देता येते हे दाखविले. पुढच्या दहा वर्षांत ही युक्ती आपल्या विषयातील रुग्णांपर्यंत पोहोचली. 1991 साली लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयातील डॉ. मार्गारेट हॉडसन यांच्या गटाने, फुफ्फुस बदलण्याच्या शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या अत्यवस्थ रुग्णांना मुखवट्याच्या साहाय्याने तोपर्यंत टिकविता येते, असे लिहिले. 1992 साली सिडनीहून रोज रात्री घरी यंत्र लावणाऱ्या रुग्णांची प्रकृती स्थिरावल्याची माहिती आली.

यंत्राचे काम आम्ही वर्गात सांगतो तसे सांगतो. उशाशी ठेवता येईल एवढी पेटी असते. तीत पंखा असतो. तो खोलीतलीच हवा गाळून लवचीक नळीतून मुखवट्यात ढकलतो. रुग्णाने श्वास आत घेण्यास आरंभ केला, की यंत्राला ते कळते आणि ते दाब वाढविते. अर्धे काम रुग्णाचे, अर्धे यंत्राचे. श्वास सोडताना दाब उतरतो, पण अगदी शून्यावर येत नाही. पोळाचे जुने दार वाऱ्याने मिटू नये म्हणून आपण खाली लाकडाची पाचर ठेवतो ना, तसा तो उरलेला थोडा दाब बारीक नळ्या मिटू देत नाही. दोन पातळ्यांवर दाब देणाऱ्या या यंत्राला बाजारात बायपॅप म्हणतात. मुखवट्याला किंवा नळीला मुद्दाम ठेवलेले बारीक छिद्र असते, त्यातून सोडलेली हवा निघून जाते. ते छिद्र ‘गळते’ म्हणून कोणी चिकटपट्टीने बुजवू नये. मुखवटा काढून रुग्णाला पाणी पिता येते, बोलता येते, नमाज पढता येते, खोकून कफ काढता येतो.

याचा फायदा कितपत होतो? येथे आम्ही भरमसाट काही सांगणार नाही. 1999 साली पॅरिसच्या डॉ. फोरू यांच्या गटाने 16 मुलांवर पाहणी केली. छाती मोकळी करण्याचा व्यायाम करताना मुलांना मुखवट्याने दाब दिला, तर व्यायामाने येणारा स्नायूंचा थकवा कमी होतो आणि प्राणवायूची पातळी कमी घसरते, असे दिसले. 2008 साली मेलबर्नच्या डॉक्टरांनी आठ प्रौढ रुग्णांना सहा सहा आठवडे, आळीपाळीने, रात्री साधी हवा, ऑक्सिजन आणि मुखवट्याचा आधार देऊन पाहिले. मुखवट्याच्या रात्रींनंतर छातीच्या तक्रारी आणि चढउतारातला दम कमी झाला. 2017 पर्यंत झालेल्या अशा चाचण्या कॉक्रन या जागतिक संस्थेने एकत्र करून पाहिल्या, तेव्हा त्या सर्व मिळून 10 भरल्या आणि त्यांत 191 रुग्ण होते. निष्कर्ष असा निघाला की, ज्यांना कफ काढणे जड जाते त्यांना व्यायामाच्या जोडीला मुखवट्याचा उपयोग होतो, आणि आजार वाढलेल्या रुग्णांत रात्री नुसत्या ऑक्सिजनपेक्षा ऑक्सिजन आणि मुखवटा यांनी रक्तातील वायू अधिक सुधारू शकतात. आयुष्य किती वाढते, हे इतक्या थोड्या रुग्णांवरून ठरविता आलेले नाही. म्हणून हे यंत्र आजार बरा करते असे कोणी सांगितले तर ते खरे मानू नये. ते थकलेल्या स्नायूंना रात्रभर विसावा देते, म्हणजे सकाळी उठून दिवस काढण्याचे बळ उरते. काम एवढेच, पण ते लहान नव्हे.

त्याचे त्रासही सांगितले पाहिजेत. मुखवट्याने नाकाच्या हाडावर कातडी सोलते. तोंड कोरडे पडते. पोटात हवा जाऊन पोट फुगते. फुफ्फुसाला छिद्र पडून छातीत हवा साठली असेल, किंवा खोकल्यातून पुष्कळ रक्त जात असेल, तर यंत्र लावणे धोक्याचे ठरू शकते. दाब किती ठेवावा हे डॉक्टर रक्ताची आणि झोपेतील श्वासाची तपासणी करून ठरवितात. शेजाऱ्याचे यंत्र उचलून आणले आणि लावले, असे चालत नाही.

आपल्या शहराला हे यंत्र अनोळखी राहिलेले नाही. 2021 सालच्या एप्रिल महिन्यात, रमजानच्या दिवसांत, करोनाची दुसरी लाट आली, तेव्हा बायपॅप हा शब्द घरोघर पोहोचला. जहांगीरपुरा मशिदीत 50 खाटांची सोय झाली. अटलादऱ्याच्या स्वामिनारायण मंदिराच्या सभागृहातही रुग्णांसाठी खाटा लागल्या. पण त्या दिवसांनी एक भीतीही मागे ठेवली. ज्यांनी आपले माणूस मुखवट्यासह गमावले, त्यांच्या मनात मुखवटा म्हणजे शेवट असे बसले. ही भीती समजण्यासारखी आहे. परंतु घरी रात्री लावायचा मुखवटा निराळा. तो माणसाला खाटेला बांधण्यासाठी नसतो, सकाळी उठून कामाला जाता यावे म्हणून असतो.

या भीतीला दुसरी एक गोष्ट येऊन मिळते. ती म्हणजे लाज. आमच्या वर्गात एक मुलगा होता. गाव आणि नाव सांगण्याचे कारण नाही. दोन वर्षे क्षयाची औषधे झाल्यावर कोठे त्याच्या घामाची चाचणी झाली आणि खरे नाव कळले. पुढे डॉक्टरांनी रात्रीचे यंत्र दिले. त्याच्या वर्गातील गुंगी कमी झाली. दुसऱ्या तासाला बाकावर डोके टेकणारा मुलगा फळ्याकडे पाहू लागला. आम्ही त्याच्या घरी गेलो असता, ते यंत्र एका जुन्या चादरीखाली झाकून ठेवलेले दिसले. त्याची आई म्हणाली, “सर, पाहुण्यांना दिसलं तर थोरलीचं लग्न जमायचं नाही.” आम्ही निरुत्तर झालो, कारण तिचे म्हणणे खोटे नव्हते. जी वस्तू मुलाला श्वास देते ती लपवावी लागते, याचा दोष त्या आईच्या माथी मारता येणार नाही. तो आपल्या साऱ्यांच्या बोलण्याचालण्याकडे जातो.

लग्नाचा विषय निघालाच आहे, तर त्याविषयीही स्पष्ट बोलू. हा आजार संसर्गाने लागत नाही. बिघडलेले जनुक आई आणि बाप या दोघांकडूनही आले तरच तो होतो. एकाकडूनच आले तर मूल निरोगी राहते, फक्त ते जनुक मूकपणे पुढे नेते. दोघेही असे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता असते. म्हणून सुनेला बोल लावणे हे शास्त्राच्या दृष्टीने चुकीचे आणि माणुसकीच्या दृष्टीने वाईट आहे. सख्ख्या चुलत, मामे, आते, मावस भावंडांत जनुकांचा सरासरी आठवा हिस्सा समान असतो. त्यामुळे अशा लग्नांत दोघे एकाच बिघाडाचे वाहक असण्याचा संभव वाढतो. आपल्या जमातीत ही लग्ने होतात; मराठी हिंदू समाजात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहेच. आपल्या धर्मात अशा लग्नाला मुभा आहे, सक्ती नाही. ज्या घराण्यात असे एक मूल झाले आहे, त्या घराण्याने आपसांत लग्न ठरविण्यापूर्वी जनुकांची तपासणी करून सल्ला घ्यावा, एवढेच आमचे सांगणे आहे.

अन्नाविषयीही एक शब्द. श्वासाचे स्नायू अन्नावर चालतात. कृश मुलाला यंत्राचाही पुरता उपयोग होत नाही. या मुलांना जेवणाबरोबर पाचक रसाच्या गोळ्या द्याव्या लागतात, आणि त्या डुकराच्या स्वादुपिंडापासून तयार होतात. हे ऐकून काही घरांत गोळ्या गुपचूप बंद होतात आणि मूल झिजत जाते. पर्याय नसेल तेव्हा जीव राखण्यासाठी सवलत आहे, हे तत्त्व आपल्याकडे प्राचीन आहे. मनात शंका असेल तर मौलवीसाहेबांना उघडपणे विचारावे, डॉक्टरांनाही सांगावे. पण मनाशीच निर्णय घेऊन मुलाला उपाशी ठेवू नये.

कोणी विचारील, आता नवी औषधे निघाली असताना यंत्राची कथा कशाला? औषधे निघाली आहेत हे खरे. बिघडलेले दार दुरुस्त करणारे तीन औषधांचे मिश्रण 2019 साली अमेरिकेत मान्य झाले, आणि कित्येक रुग्णांना त्याने नवे आयुष्य दिले. परंतु आरंभी त्याची तेथील किंमत वर्षाला तीन लाख डॉलरांहून अधिक होती. शिवाय ते जनुकाच्या ठराविक बिघाडांवरच चालते, आणि आपल्या देशातील मुलांत युरोपाहून निराळे बिघाड अधिक प्रमाणात आढळतात. भारत सरकारच्या 2021 सालच्या दुर्मिळ आजारांच्या धोरणात कफ पातळ करणाऱ्या एका औषधासाठी या आजाराचा उल्लेख आहे, आणि 2022 पासून नेमलेल्या केंद्रांमार्फत 50 लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. आपल्याला जवळचे असे केंद्र म्हणजे मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय. त्या दाराशी अर्ज अवश्य करावेत. पण ज्याचे फुफ्फुस आज थकले आहे, त्याला आजच्या रात्रीपुरता आधार हवा, आणि तो देणे आपल्या आवाक्यात आहे.

म्हणून ट्रस्टपुढे आम्ही एक सूचना ठेवतो. एका यंत्राची किंमत नव्या दुचाकीच्या आसपास जाते. सुवर्णमहोत्सवाच्या निधीतून निदान दोन यंत्रे घ्यावीत. डॉक्टरांची लेखी चिठ्ठी असेल त्या रुग्णाला, मग तो कोणत्याही जातिधर्माचा असो, ती गरज असेपर्यंत वापरायला द्यावीत. सिस्टिक फायब्रोसिसचे रुग्ण थोडे असतील. पण स्नायूंचे दुबळेपण किंवा छातीचे इतर आजार असलेल्यांनाही ती उपयोगी पडतील. यात तीन पथ्ये पाळावी लागतील. पहिले, मुखवटा आणि नळी प्रत्येकाला नवी द्यावी, आणि यंत्र दुसऱ्याकडे जाण्यापूर्वी जाणकाराकडून स्वच्छ करून तपासून घ्यावे. कारण या रुग्णांच्या कफातील काही जंतू दुसऱ्या रुग्णाला फार घातक ठरतात. याच कारणासाठी या आजाराच्या दोन रुग्णांना एकमेकांपासून निदान सहा फूट दूर ठेवतात; तेव्हा त्यांचा मेळावा भरविण्याची हौस आपण करू नये. दुसरे, मुखवटा रोज साबणाच्या पाण्याने धुणे, हवा ओलसर करण्याच्या भांड्यात उकळून गार केलेले पाणी रोज नवे भरणे आणि गाळणी वेळेवर बदलणे हे घरच्या एका माणसाला शिकवून मगच यंत्र हवाली करावे. तिसरे, वीज. पोळातील वीज मध्यरात्री गेली तर काय, याचा विचार आधी करावा. यंत्राबरोबर बॅटरी किंवा इन्व्हर्टर द्यावा, आणि शेजारच्या दोन तरुणांचे दूरध्वनी त्या घरी लिहून ठेवावेत. जमातीत तरुण पुष्कळ आहेत. रात्री एकदा उठण्याची तयारी असलेले चार निघाले तरी पुरे.

याखेरीज ज्या मुलाविषयी संशय असेल त्याला घामाच्या चाचणीसाठी पाठविण्याचा खर्च ट्रस्टने उचलावा. चाचणी कोठे होते, याची चौकशी आधी सयाजी रुग्णालयातील बालरोग विभागात करता येईल. वेळेवर कळले तर कफ काढण्याचा व्यायाम, योग्य औषधे आणि योग्य आहार लवकर सुरू होतात, आणि यंत्राची पाळी कित्येक वर्षे पुढे ढकलता येते.

आपले बुजुर्ग विहिरी खोदून ठेवीत, वाटसरूंसाठी पाणपोया घालीत, आणि त्याला सदका-ए-जारिया म्हणत, म्हणजे देणारा गेल्यावरही चालू राहणारे दान. एका घराची गरज संपल्यावर दुसऱ्या घरी जाणारे यंत्र याच जातीचे दान आहे, असे आम्हांला वाटते. विश्वस्तांनी या सूचनेचा विचार आपल्या पुढच्या बैठकीत करावा आणि तिच्यासाठी प्रत्येक घराने यथाशक्ती काही द्यावे, अशी आमची विनंती आहे.